रविवार संध्याकाळचे माशाचे कटलेट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: लहानपण रत्नागिरीत गेलं, आता नोकरीमुळे नागपुरात आहात. आई रविवारी संध्याकाळी माशाचे कटलेट करायची. आई गेली, कृती कुणी लिहून ठेवलेली नाही. तुम्ही चार वेळा करून बघितले. उकडलेला बासा, उकडलेला बटाटा, कच्चा कांदा, कोथिंबीर, आलं-लसूण असं सगळं एकत्र करून थापलं. दोनदा तेलात फुटले. तिसऱ्या वेळी अंडं आणि कॉर्नफ्लोअर वाढवलं तर रबरासारखे झाले. चौथ्यांदा बटाटा दुप्पट घातला, तेव्हा टिकले, पण सहा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, हा बटाटावडाच आहे ना?" आणि आता तुम्ही विचारताय की बाइंडिंगला नेमकं काय घालू.

घालायचं काय ते नंतर बघू. आधी काढायचं काय, तर पाणी. तुमच्या चारही खेपांत मासा पाणी सोडत राहिला आणि तुम्ही ते शोषायला काहीतरी टाकत राहिलात. माझी आजी मालवणीत सांगायची, "आधी पाणी काढ, मगे मसालो घाल." मी मूळची वेंगुर्ल्याची, गेली १८ वर्षं डोंबिवलीत मासळीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते, पण कटलेटच्या बाबतीत त्या एका वाक्यापलीकडे फारसं काही नवीन शिकलेले नाही.

एक आधीच कबूल करते. तुमच्या आईचा मसाला काय होता ते मला सांगता येणार नाही. रत्नागिरीत दर घराचा मसाला वेगळा, आणि शेजारणीच्या मसाल्याला नाव ठेवणं हा तिकडचा एक छंदच आहे. शिवाय तुम्हाला त्या दिवशी कोणता मासा मिळतो यावर बरंच अवलंबून. पण कटलेटची जात कोणती होती, हे मात्र मला बहुतेक कळलंय, कारण तुम्हीच लिहून गेलात: "रविवारी दुपारी कधीच नाही, नेहमी संध्याकाळी."

आता विचार करा. रविवारी सकाळी बाजारातून मासळी येणार. दुपारी कालवण आणि तळलेल्या तुकड्या. सोमवारी बऱ्याच घरांत मासा चालत नाही. मग दुपारच्या उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं? रात्रीपर्यंत संपवायच्याच. ताटात पुन्हा तीच गार तुकडी वाढली तर पोरं नाक मुरडणार. म्हणून काटे काढून, बटाटा घालून, गोल थापून गरमागरम कटलेट. आमच्याकडे हेच होतं. तुमच्याकडेही हेच असणार, असं मी बऱ्याच खात्रीने म्हणते. तुमची आई कच्च्या माशापासून कटलेट करतच नव्हती. ती दुपारची रवा लावून तळलेली तुकडी कुस्करत होती.

याने तीन गोष्टी आपोआप व्हायच्या. एक तर तुकडी तव्यावर तळताना तिचं पाणी उडून गेलेलं असायचं. दुसरं, मीठ, हळद, तिखट आणि आंबट आतपर्यंत मुरलेलं असायचं, त्यामुळे कटलेटमध्ये वरून मसाला कमी लागायचा. आणि तिसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली: तुकडीवरचा तो कुरकुरीत रवा चुऱ्यात मिसळायचा आणि राहिलेला ओलावा पिऊन टाकायचा. म्हणजे तुम्ही शोधताय ते बाइंडिंग आईच्या कटलेटमध्ये होतं, फक्त ते दुपारीच लागलेलं असायचं.

म्हणून माझा पहिला सल्ला: कटलेटसाठी मासा पाण्यात उकडू नका. दुपारी मासा तळा, दोन-दोन तुकड्या जेवा, बाकीच्या संध्याकाळसाठी ठेवा. अगदीच तळायचं नसेल तर मोदकपात्रात वाफवा, ८ ते १० मिनिटं, आणि नंतर चाळणीतच पूर्ण गार होऊ द्या. खाली किती पाणी साठतं ते बघा. तेच पाणी तुमच्या कटलेटमध्ये जात होतं. फेकू नका, भाताच्या आधणात घाला.

आता मासा कोणता? रत्नागिरीत सुरमई, रावस, बांगडा असं काहीही चालतं, त्यावर मी चार पानं लिहू शकेन, पण तुमच्या नागपुरात त्याचा उपयोग नाही. समुद्राचा मासा तिथे बर्फातून येतो, आणि जून-जुलैत तर आमच्या किनाऱ्यावरच यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तुमच्याकडे जे उत्तम मिळतं ते सोडून तुम्ही बासाच्या मागे लागलात, याचं मला जरा वाईट वाटलं. मरळ घ्या. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतली मरळ चांगली घट्ट असते, रोहूसारखे बारीक काटे तिच्यात नसतात, आणि तळल्यावर तिचा चुरा मोकळा होतो. महाग आहे, पण कटलेटला अर्धा किलो गर पुरतो.

रोहू-कतला घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या माशांच्या पाठीत आणि शेपटीकडे बेचकीसारखे फाटलेले बारीक काटे मांसातच रुतलेले असतात, कण्याला जोडलेले नसतात. ते काढता काढता संध्याकाळ जाते आणि तरी दोन राहतातच. मासेवाल्याला सांगून दोन किलोच्या वरचा मासा घ्या आणि पोटाकडचे तुकडे मागा. तिथे फक्त बरगड्यांचे मोठे काटे असतात, ते बोटाने सरळ ओढून निघतात. मातकट वास येत असेल तर साल काढून टाका, मीठ-हळद-लिंबू चोळून १५ मिनिटं ठेवा आणि धुऊन कोरडा करा. वास बराचसा सालीत आणि तिच्याखालच्या काळपट मांसात असतो.

आणि बासा? बासाचं फिले दिसायला छान, काटा नाही, पण मांस मुळातच मऊ आणि पाणचट. वर बर्फाचा थर, तो वितळला की वजन उतरतं. मी एकदा यात चांगलीच पोळले. एका हळदीच्या जेवणाला १५० कटलेटची ऑर्डर होती. वेळ वाचवायला म्हणून मी १० किलो गोठवलेलं फिले आणलं. रात्री बाहेर काढून ठेवलं, सकाळी वजन केलं तर ८ किलोही भरलं नाही. तिथेच शहाणपण सुचायला हवं होतं. पण घाई होती, म्हणून तसंच उकडलं, तसंच कुस्करलं. पहिला घाणा तेलात सोडला आणि पाच मिनिटांत कढईत कटलेटचं कालवण झालं. वरती फेस, खाली गाळ. मदतनीस बाई माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे बघेना. शेवटी सगळं मिश्रण मोठ्या पातेल्यात परतून खिमा केला आणि पावाबरोबर दिला. लोकांनी बोटं चाटून खाल्लं, पण नवऱ्यामुलाचा काका जाताना विचारून गेला, "ताई, कटलेट येतायत ना मागून?"

बासाच हाताशी असेल तर फ्रिजमध्ये रात्रभर चाळणीत ठेवून वितळवा, मग सुती पंचात गुंडाळून पिळा. खरोखर पिळा, चक्क्याची पुरचुंडी पिळतो तसा. मग तळा.

काट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमची लेक सहा वर्षांची आहे. माझी आजी चुरा कधी वाडग्यात करत नसे. पितळेची मोठी परात घ्यायची, ती खिडकीखाली ठेवायची, आणि एका वेळी एकच तुकडी. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांमध्ये मांस धरून पुढे सरकवत न्यायची, जपमाळ ओढल्यासारखं. काटा बोटाला लागतो, डोळ्याला दिसायच्या आधी. तो उचलून परातीच्या कडेला टाकायची, आणि टाकताना 'टिक्' असा बारीक आवाज यायचा. आम्ही नातवंडं समोर बसून टिक मोजायचो. सगळं झालं की परात अर्धी फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत चार-पाच टिक तरी निघायचेच. मी अजून स्टीलच्या परातीत असंच करते. मिक्सरमध्ये फिरवून काटे बारीक होतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते फक्त लपतात. आणि चुरा फार बारीकही करू नका. कटलेट फोडल्यावर माशाचे पापुद्रे दिसले पाहिजेत, नाहीतर लेकीचा बटाटावड्याचा आरोप पुन्हा येईल.

एक किलो आख्ख्या बांगड्यातून साफ करून, शिजवून, काटे काढून मला ४०० ते ४५० ग्रॅम चुरा मिळतो. मोठ्या माशाच्या तुकड्या घेतल्या तर जास्त पडतो. विकत घेताना हा हिशेब ठेवा.

आता बटाटा. ५०० ग्रॅम चुऱ्याला १५० ते १७५ ग्रॅम उकडलेला बटाटा बास. बटाटा जुना घ्या. नवा बटाटा ओलसर आणि चिकट असतो, भाजीला छान, इथे नको. सालीसकट उकडा, आणि शक्यतो आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवा. गार झालेला बटाटा घट्ट होतो, किसला तरी गिच्च होत नाही. गरम बटाटा मिक्सरमध्ये मात्र कधी घालू नका, खळ होते.

कांदा तुम्ही कच्चा घालत होतात. कच्च्या कांद्याला मीठ लागलं की तो अर्ध्या तासात पाणी सोडतो, आणि तोवर तुमचे कटलेट थापून झालेले असतात. बारीक चिरून थोड्या तेलात गुलाबी परता, त्यातच आलं-लसूण-मिरचीचा ठेचा परता, गार करा, मग मिसळा. कोथिंबीर धुऊन फडक्यावर पसरून कोरडी करा आणि मगच चिरा. या सगळ्या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण फुटलेल्या कटलेटमध्ये असे चार-चार चमचे पाणी तीन वाटांनी आलेलं असतं.

एवढं करूनही मिश्रण सुटं वाटलं तर एक युक्ती आहे. शिजलेल्या माशात चिकटपणा उरत नाही, कच्च्यात असतो. म्हणून एकूण माशातला पाचवा हिस्सा, म्हणजे ५०० ग्रॅमला साधारण १०० ग्रॅम, कच्चाच बाजूला ठेवा. साल-काटे काढलेला, फ्रिजमधला गार. त्यात पाव चमचा मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. मीठ माशातली प्रथिनं बाहेर ओढतं आणि बघता बघता बोटाला चिकटणारी, चकचकीत पेस्ट होते. ही चुऱ्यात मिसळली की अंडंही नको आणि कॉर्नफ्लोअरही नको. तव्यावर ती गोठते आणि सगळं धरून ठेवते. तुमच्या रत्नागिरीच्या कारखान्यांतून राणी माशाची सुरिमी, म्हणजे माशाच्या गराचा चिकट लगदा, परदेशात जाते ना, तिचं तत्त्व हेच. मिक्सर गरम होऊ देऊ नका, गरम झाला की चिकटपणा गेला. आणि ही पेस्ट पाचव्या हिश्शाच्या फार पुढे नेऊ नका, नाहीतर तुमच्या तिसऱ्या खेपेचं रबर परत येईल.

तुम्ही लिहिलंय की आईच्या कटलेटला "लिंबाची नव्हे, वेगळीच आंबट चव" असायची. ते कोकम असणार. दुपारच्या तुकड्यांना मीठ-हळदीबरोबर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, चोळलेलं असेल. आगळ मिळालं तर कच्च्या माशाला लावा, २० मिनिटं ठेवा, निथळू द्या आणि मग मसाला-रवा लावून तळा. कटलेटच्या मिश्रणात आगळ ओतू नका, तेही पाणीच, आणि खारटही असतं. आगळ नसेल तर सात-आठ आमसुलं दोन चमचे गरम पाण्यात भिजवून, कुस्करून तो कोळ लावा. नागपुरात वाण्याकडे आमसूल मिळतं.

तिरफळाचा वास आठवत असेल तर गोष्ट वेगळी. मग आई कधीतरी बांगड्याच्या तिखल्यातले, म्हणजे तिरफळ घातलेल्या दाट, तिखट कालवणातले, उरलेले तुकडेही वापरत असेल. आमच्या सिंधुदुर्गात हे सर्रास, रत्नागिरीकडे घराघरावर आहे. तसं करायचं तर तिखलं पूर्ण आटवून, अंगाबरोबर रस राहिला की मगच मासा कुस्करायचा. तिरफळाची काळी बी टाकून द्यायची, नुसतं टरफल ठेचून चिमूटभर. जास्त झालं तर जीभ बधिर होते आणि लेक पुन्हा कटलेट खाणार नाही.

मसाला मी फार सांगत नाही. तुकडीत मुरलेला असतोच. वरून अर्धा चमचा घरचा मसाला, चिमूट हळद, मीठ चाखून. गरम मसाला टाळते, माशाची चव मारतो. पण हे माझं मत. आमच्या शेजारच्या सारस्वत काकू घालतात आणि त्यांचेही छान होतात.

थापताना एकेक साधारण ६० ग्रॅमचा, लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा, अर्धा इंच जाड. हाताला तेल. कडांना चिरा राहिल्या तर बोटाने मिटवा, फुटणं तिथूनच सुरू होतं. वर सांगितलेल्या मापात साधारण १२ होतात. थापून झाले की फ्रिजमध्ये ३० ते ४५ मिनिटं. ही पायरी सगळे वगळतात, मीही घाईत वगळायचे. रवा मात्र तळायच्या अगदी आधी लावायचा. बारीक रव्यात मूठभर तांदळाचं पीठ मिसळा. आधी लावून ठेवला तर तो ओलसर होतो आणि तव्याला चिकटतो.

तळायला बिडाचा तवा असेल तर उत्तम. कढईत बुडवून तळायची गरज नाही. तव्यावर पेराच्या अर्ध्याइतकं शेंगदाण्याचं तेल. रव्याचा एक कण टाकून बघा: लगेच चुर्र करून वर आला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. मध्यम आचेवर एका बाजूला तीन ते चार मिनिटं. तेवढा वेळ उलथनं हातातच घेऊ नका. खालची बाजू तयार झाली की कटलेट स्वतःच तवा सोडतो. ढकलल्यावर सरकला नाही तर अजून वेळ आहे. माझ्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक मुलीने पहिल्या दिवशी इथेच घाई केलेली आहे. एका वेळी चार-पाचच टाका, तवा भरला की तेल गार पडतं आणि कटलेट तेल पितात.

एक गोष्ट मात्र आईसारखी करू नका. आपल्या लहानपणी दुपारच्या तुकड्या संध्याकाळपर्यंत जाळीच्या कपाटात असायच्या. मी ते करत नाही आणि तुम्ही तर नागपुरात आहात. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे उष्णतेत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते नंतर कितीही तळा-उकळा, जात नाही. ओठ चुरचुरतात, तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. तुकड्या तळून कोमट झाल्या की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात तासाभराच्या आत, एरवी दोन तासांच्या आत. मासा आणतानाही बर्फ मागून घ्या. रवा मऊ पडेल, पडू दे, तो कुस्करायचाच आहे.

थापलेले कच्चे कटलेट रवा न लावता फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहतात, पण मासा आधी गोठवलेला असेल आणि त्यातला कच्चा हिस्सा पेस्ट करून घातला असेल तर मी पुन्हा गोठवत नाही. तशा वेळी तळून संपवते.

तर या रविवारी असं करा: शनिवारी रात्री बटाटा उकडून फ्रिजमध्ये. सकाळी मरळ, नाहीतर मोठ्या रोहूचे पोटाकडचे तुकडे. आगळ किंवा आमसूल, मीठ, हळद, तिखट, रवा, आणि दुपारी तळून थोडं जेवायला, बाकी फ्रिजमध्ये. त्याआधी १०० ग्रॅम कच्चा बाजूला काढायला विसरू नका. चार वाजता परात घेऊन खिडकीपाशी बसा, लेकीला समोर बसवा आणि टिक मोजायला सांगा.

सगळे एकदम तळू नका. आधी एकच छोटा थापून तव्यावर सोडा. टिकला तर मीठ-तिखट चाखून बाकीचे थापायला घ्या. कडेने सुटायला लागला तर मिश्रणात दोन चमचे रवा घाला, दहा मिनिटं मुरू द्या आणि पुन्हा एक तळून बघा. आणि तो पहिला, तुटका, वेडावाकडा कटलेट आमच्याकडे नेहमी करणाऱ्याच्या वाट्याला असतो, ओट्याशीच उभं राहून खायचा.